करंट वाहणारं प्लास्टिक आणि माझा अर्धवट ग्राफ

कोड लिहून पोट भरणारा मी आज चक्क केमिस्ट्रीवर बोलणार आहे. कारण बीटेकच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये मी प्लास्टिकमधून करंट पाठवत होतो, आणि तिथे एक लबाडी करता करता थांबलो.

प्लास्टिक म्हटलं की वायरवरचं कव्हर आठवतं. शॉक बसू नये म्हणून असतं ते. पण 1977 साली शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन नावाच्या पॉलिमरला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता लाखो पटींनी वाढली. यालाच डोपिंग म्हणतात. 2000 साली तिघांना नोबेल मिळालं.

आमचं पॉलिमर होतं पॉलिॲनिलीन. याला आयोडीन लागत नाही, ॲसिड पुरतं. ॲसिडमध्ये ते हिरवं दिसतं आणि करंट वाहून नेतं. अल्कलीत टाकलं की निळसर होतं आणि करंट जवळपास बंद!

आता हे कशासाठी? मेथॅनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलसाठी. मेथॅनॉलचा एक रेणू पाण्यासोबत पूर्ण ऑक्सिडाइज झाला की कार्बन डायऑक्साइड बनतो आणि 6 इलेक्ट्रॉन सुटतात. तीच आपली वीज. पण हे काम करायला प्लॅटिनम लागतं. ते महाग, आणि वर वाटेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड त्याला चिकटून बसतो. मग जागाच उरत नाही. म्हणून प्लॅटिनमचे बारीक कण पॉलिॲनिलीनच्या थरावर पसरायचे. थर स्पंजसारखा असतो, त्यामुळे थोडा धातू जास्त जागेवर पसरतो आणि थरातून करंटही जातो.

इलेक्ट्रोडचं व्होल्टेज वर-खाली, वर-खाली करत करंट मोजायचा. पहिल्या काही फेऱ्यांत ग्राफ असा उसळला की आम्ही हॉस्टेलवर पार्टी केली. पण फेऱ्या वाढल्या तसा तो खाली खाली येत गेला. मी काय केलं? रिपोर्टमध्ये फक्त पहिला ग्राफ टाकला.

सरांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाले, "अरे, शोरूममधून गाडी काढली तेव्हाचं ॲव्हरेज सांगतोयस. वर्षभरानंतरचं काय?"

रात्री बसून सगळ्या फेऱ्या टाकल्या. करंट का पडू शकतो तेही लिहिलं: कार्बन मोनॉक्साइड चिकटतो, प्लॅटिनमचे कण निसटतात किंवा जास्त व्होल्टेजला पॉलिमरच खराब होतं. व्हायव्हात त्याच पानावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. घाम फुटला, पण उत्तरं देता आली, कारण लपवायला काही नव्हतं.

आज ऑफिसात कुणी म्हणालं, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय," की मला तो हिरवा थर आठवतो. मी विचारतो, आठवडाभर सर्व्हरवर चालवून पाहिलंस का?

तुम्ही कधी असा फक्त पहिला ग्राफ दाखवलाय का? खरं खरं कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!