भावाभावांची इंजिनं आणि हवेचा नळा



आपला ऊस, कांदा, कापूस ट्रकमधून बाजाराला जातो. ट्रक बंद पडला की माल वाटेत अडतो. मग घाई होते. जुन्या बाजारात मिळेल तो भाग आणून बसवला जातो. आज आम्ही अशाच एका भागाविषयी सांगणार आहोत. त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. आपण त्याला हवेचा नळा म्हणू.

माणसाला श्वास, तशी इंजिनाला हवा. ही हवा आधी एअर क्लीनरमध्ये जाते. तिथे धूळ अडते. मग ती या नळ्यात येते. पाटाला जशा चाऱ्या, तसे नळ्याला फाटे असतात. एकेका फाट्यातून हवा एकेका सिलिंडरला पोचते.

आता भावाभावांची इंजिनं म्हणजे काय? १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या मदतीने ट्रक बांधायला सुरुवात केली. पुढे टाटांची ६९२ आणि ६९७ ही इंजिनं आली. त्यांच्या आकड्यातच खूण आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर. ९२ आणि ९७ म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. पहिलं सुमारे ४.८ लिटरचं, दुसरं सुमारे ५.७ लिटरचं. म्हणजे दुसऱ्याला हवा जास्त लागते.

थोरल्या भावाची पैरण धाकट्याला होते. पण जोडा होईलच असं नाही. इंजिनांचंही तसंच. म्हणून ‘एकाच कंपनीचं आहे, बसेल’ एवढ्यावर भागवू नका. नळा आणलात की चार गोष्टी पाहा.

पहिली, भागावर उठवलेला नंबर. जुन्या नळ्याचा नंबर आणि नव्याचा नंबर ताडून पाहा.

दुसरी, भोकं. जुनं पॅकिंग नव्या नळ्यावर ठेवा. हवेची भोकं आणि बोल्टची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत. फाईल मारून, ओढूनताणून बसवू नका.

तिसरी, तोंड. एअर क्लीनरचा रबरी पाइप त्यावर घट्ट बसतो का?

चौथी, बारीक नळ्यांची जागा. जुन्या नळ्याला जेवढ्या होत्या, तेवढ्या नव्याला हव्यात.

ही चौथी गोष्ट फार महत्त्वाची आहे. काही जुन्या डिझेल इंजिनांत नळ्याच्या तोंडाशी गळा अरुंद केलेला असतो. तिथून एक बारीक नळी डिझेल पंपाला जाते. हवेच्या ओढीने पंपातला पडदा हलतो आणि डिझेल कमी-जास्त होतं. दुसऱ्याच इंजिनाचा नळा बसवला आणि ही नळी मोकळी राहिली, तर ओढ लागत नाही. पंप भरमसाट डिझेल सोडतो. इंजिन बेफाम पळतं. फुटूही शकतं. जवळ उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

दुसरा धोका धुळीचा. सांधा नीट बसला नाही, तर हवा फटीतून आत शिरते. ती गाळलेली नसते. बारीक रेती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर जात्यासारखी घासते. मग इंजिन ऑईल खातं, निळा धूर सोडतं, चढाला दम टाकतं. म्हणून नळा काढला की आत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली, तर कुठेतरी फट आहे असं समजा.

टर्बो असलेल्या इंजिनात हवा दाबाने कोंबली जाते. तिथे सांधा सैल असला, तर हवा बाहेर निसटते. काळा धूर येतो आणि ताकद कमी होते. टर्बोच्या इंजिनाला साध्या इंजिनाचा नळा अंदाजाने लावू नये.

बसवताना काय करावं? नळा निघाला की उघड्या भोकांत स्वच्छ चिंध्या घाला. एक नट आत पडला, तर सारं इंजिन जाईल. चिंध्या मोजून घाला, मोजून काढा. दोन्ही तोंडं साफ करा. पॅकिंग नवंच घ्या. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे आवळत जा.

काम मिस्त्री करील. पण शेजारी उभं राहून पाहणं आपल्या हातात आहे. आता आपल्याला अक्षर आणि आकडा वाचता येतो. भागावरचा नंबर स्वतः वाचा. तो वहीत लिहून ठेवा. बाजारात जाताना वही बरोबर न्या. ‘तसाच दिसतो’ असं दुकानदार म्हणाला, तर म्हणा, ‘दादा, दिसू दे. आधी नंबर वाचून पाहतो.’