बाईंची पदवी खरी होती

(कल्याणच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलंय म्हटल्यावर नोकरी, पॅकेज, एआय असं काहीतरी ऐकायला मिळेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मी माझ्या भाच्याबद्दल बोलणार आहे.

तो जन्मापासून कर्णबधिर. बाजी मुंब्र्याला राहते. तीन वर्षांचा असताना त्याला श्रवणयंत्र बसवलं आणि डोंबिवलीच्या एका खासगी केंद्रात घातलं. बाजी रोज स्लो लोकलने पोराला घेऊन जायची. तिथल्या बाई प्रेमळ होत्या. मणी ओवणं, रंग जुळवणं, शर्टाची बटणं लावणं शिकवायच्या. पोर सगळं पटापट करायचं, पण बोलणं पुढे सरकेना. दीड वर्षात दोन शब्द आले, 'अम्मी' आणि 'पानी'.

एक दिवस मी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. दीड वर्षात पहिल्यांदा! विशेष बी.एड.ची पदवी खरी होती. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, ज्याला सीआरआर म्हणतात, तो संकेतस्थळावर तपासला, तोही खरा. फक्त विषय होता बौद्धिक अक्षमता. माझ्या भाच्याची बुद्धी शाबूत आहे, त्याला ऐकू येत नाही.

विशेष शिक्षक ही एकच पदवी नाही, हे मला तेव्हा कळलं. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल आणि काठी घेऊन एकट्याने चालणं शिकवणारा शिक्षक वेगळा. कर्णबधिरांसाठी आवाज ओळखायला, बोलायला आणि खुणांची भाषा शिकवणारा वेगळा. अध्ययन अक्षमतेचा आणखी वेगळा. आमच्या क्षेत्रात डेटाबेसवाल्याला नेटवर्कचं काम दिलं, तर फार तर सर्व्हर बंद पडतो. इथे भाषा घडण्याचं वय निघून जातं.

1992 च्या पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत त्या केंद्राची महिन्याची फीसुद्धा भरत नव्हती, ते असो. आमच्या बाई तर नोंदणीकृतच होत्या. तक्रार कुणाची करणार?

आता शाळांचं बघा. 2016 चा कायदा म्हणतो की 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण सांगितलं. प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मागे एक. आपल्या राज्याने 2024 मध्ये 4,860 पदं मंजूर केली, केंद्रामागे एक. एका केंद्रात अनेक शाळा येतात. म्हणजे तो एकच शिक्षक शाळाशाळांतून फिरणार, आणि त्याचा विषय एकच असणार. उर्दू शाळेतल्या मुलाशी तो कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न तर अजून कुणी विचारलेलाच नाही, असं मला वाटतं.

म्हणून मी आपल्या पोरींकडे बघतो. विशेष डी.एड. बारावीनंतर दोन वर्षांचं. बी.एड. पदवीनंतर दोन वर्षांचं. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. नाव कुणाचं? अली यावर जंग यांचं. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. तिथे कर्णबधिरांच्या शिक्षकांसाठीचं बी.एड. चालतं. मुंब्रा-कौशातून किती मुली तिथे अर्ज करतात? माझ्या ओळखीत एकही नाही. घरात मराठी-उर्दू दोन्ही बोलणारी मुलगी त्या वर्गात किती कामाची आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

भाचा आता साडेपाच वर्षांचा आहे, योग्य शिक्षिकेकडे जातो. मला 'मामू' म्हणतो. शेजारच्या मांजरालाही 'मामू'च म्हणतो, पण बोलतो.

मी लॅपटॉप आणलाय. ज्यांच्या घरातलं मूल एखाद्या केंद्रात जातं, त्यांनी शिक्षकांचा सीआरआर क्रमांक मला द्या, इथेच तपासू. आणि ज्यांची बहीण यंदा बारावीला आहे, त्यांनी चहाआधी भेटा, नंतर गर्दी होते.