सहा मिनिटांचे अंतर



सरकारी दप्तरात आकडे तपासण्यात आमची हयात गेली. आकडा आला की प्रश्न मिटला, अशी आमची श्रद्धा! चार वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना फुफ्फुसीय उच्च रक्तदाबाची व्याधी जडली. यात फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांतील दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो आणि साधा जिना चढताना धाप लागते. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. हृदयात नळी सरकवून तो मोजतात. सरासरी पाऱ्याच्या २० मिलिमीटरांवर गेली की निदान ठरते.

पुढे रुग्णास सहा मिनिटे चालवून अंतर मोजतात. सौ.चे अंतर वाढले, म्हणून आम्ही पेढे आणले. त्या म्हणाल्या, "अहो, वेणी घालताना दोनदा थांबावं लागतं, ते कुठं लिहिलंय?"

ते लिहिण्याचीही सोय आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली ‘कॅम्फर’ ही ६५ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. (आम्हांला आपला आरतीचा कापूरच आठवला!) २०१४ साली ‘एम्फसिस-१०’ आली. तिच्यात दहाच प्रश्न, प्रत्येकास शून्य ते पाच गुण. गुण अधिक तितका त्रास अधिक. त्यांतील एक प्रश्न असा, की आपले इतरांवर ओझे होते असे वाटते काय?

आम्ही मनात शून्य धरले होते. सौ.नी चारावर खूण केली.

तेव्हापासून मंडळाच्या जिन्यावर आम्ही पुढे जाऊन त्यांची वाट पाहत नाही. मधल्या पायरीवर त्यांच्याबरोबरच टेकतो.