वेरूळच्या सारीपाटापासून शाळेच्या गणितपटापर्यंत



वेरूळच्या क्रमांक २१ च्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे शिल्प आहे. क्रमांक १४ व २९ च्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरलेला आढळतो. पट आणि फासे यांची ओळख ह्या भूमीला शेकडो वर्षांची आहे. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट तर परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. त्यात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. नियमांतूनच शिकवण देण्याची ही रीत गणिताच्या कामी कशी आणता येईल, हा आजचा विषय आहे.

प्रथम अडचण पाहावी. मराठी मूल ‘अठ्ठावीस’ ऐकते तेव्हा आठ आधी कानी पडतात, वीस नंतर; लिहिताना मात्र २ आधी येतो. ‘एकोणतीस’ म्हणताना तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असे वाचन दिल्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी मुलाची अडचण खरी आहे.

नेहमीची सापशिडी ती दूर करीत नाही. तिच्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे व पुढची उजवीकडून डावीकडे जाते. त्यामुळे २८ च्या वर ३३ येतात. गणितपटावर ० ते ९९ अशी शंभर घरे आखावीत आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करावी. मग कोणत्याही घराच्या वर दहाने मोठी संख्या येते. एकोणतीस हे तिसाच्या लगतचे, पण विसाच्या ओळीतील घर आहे, हे डोळ्यांना दिसते.

फाशांसाठी दोन कवड्या आणि चार फोडलेले चिंचोके पुरेत. उताणी कवडी दहाची, पांढरी बाजू वर आलेला चिंचोका एकाचा. सोंगटी २८ वर असून एक कवडी व तीन चिंचोके पडले, तर दान १३ चे. मुलाने सोंगटी हलविण्यापूर्वी ‘एक्केचाळीस’ असे सांगावे. मग एक घर वर, तीन घरे पुढे जाऊन पडताळावे. ओळ संपली की पुढच्या ओळीच्या आरंभी जावे लागते. हातचा म्हणजे काय, ते येथे उमगते. ९९ गाठल्यावर परतीचा प्रवास वजाबाकीने करावा.

उत्तर चुकले तर सोंगटी मागे नेऊ नये. दोन्ही खेळाडूंनी घरे मोजून ती योग्य ठिकाणी ठेवावी; बरोबर उत्तराला एक चिंचोका बक्षीस असावा. ज्या मुलाला सरावाची सर्वाधिक गरज, त्याचीच पाळी हिरावणारा नियम शाळेच्या खेळात नसावा.

मोजण्याची रीतही महत्त्वाची आहे. लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, शंभर घरांच्या पटावर सोंगटी असलेल्या संख्येपासून पुढे मोजणाऱ्या बालकांना अधिक लाभ झाला. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा झाला नाही. म्हणून २८ नंतर ‘एक, दोन’ न म्हणता ‘एकोणतीस, तीस’ असेच म्हणवून घ्यावे.

वरच्या इयत्तांना हेच चिंचोके संभाव्यता शिकवितात. चार चिंचोके सोळा प्रकारे पडू शकतात. शून्य ते चार ही दाने अनुक्रमे १, ४, ६, ४, १ प्रकारे येतात. प्रत्यक्ष चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो काय, हे मुलांनी शंभर वेळा टाकून नोंदवावे.

पट प्रथम खडूने जमिनीवर आखावा, मुले कोठे अडतात ते पाहावे आणि एका वेळी एकच नियम बदलावा. खेळ जमला की पंचायतीने तो शाळेच्या ओसरीवर रंगवून द्यावा. तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान यावे, असे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट असून त्याची मुदत २०२६-२७ ही आहे. शिक्षक दुसऱ्या वर्गात गुंतलेले असतानाही ओसरीवरचा पट मुलांना मोकळा असतो.