भोपळा, गूळ आणि ळ

इंदूरसारख्या गावात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत मराठीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : नातवंडांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. हे वाक्य थोडे तपासून पाहू या. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी त्यांना येते. ती सगळ्या अक्षरांवर अडत नाहीत. अडतात ती ळ पाशी, कारण शाळेतल्या हिंदी वर्णमालेत हे अक्षर त्यांना भेटलेलेच नसते. छापलेला 'गूळ' समोर आला की मूल क्षणभर थबकते, मग 'गूल' म्हणते, आजूबाजूचे मोठे हसतात आणि पुस्तक मिटते. ते पुन्हा उघडेलच असे नाही.

आता हा ळ मराठीत कुठे राहतो ते पाहा. गूळ, डाळ, तांदूळ, तीळ, नारळ, केळे, भोपळा ही झाली नावे. दळणे, चाळणे, मळणे, गाळणे, घोळणे, उकळणे, तळणे ही झाली कामे. तसा तो शाळेत आणि खेळातही आहे. पण स्वयंपाकघराइतका घरोबा त्याने दुसरीकडे केलेला नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की मराठी वाचनाचा आपला घरगुती वर्ग ओट्यापाशी भरवावा, आणि त्याची सुरुवात क्रमिक पुस्तकाने न करता चित्रांच्या पुस्तकाने करावी.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारी जनावरे, आणि परतताना भोपळ्यात बसून केलेला प्रवास. ही गोष्ट सचित्र पुस्तकांत सहज मिळते. पहिल्या दिवशी ती नुसती वाचावी. चित्रावर बोट ठेवून 'हे अक्षर कोणते?' असे विचारू नये. मुलाला परीक्षेचा वास फार लवकर येतो. भोपळ्याच्या आत अंधार असेल का, म्हातारी मावली कशी, हे प्रश्न त्याचे त्याला पडू द्यावेत.

दुसऱ्या दिवशी घरात लाल भोपळ्याची फोड आणावी आणि घारगे करावेत. एक वाटी कीस, साधारण पाऊण वाटी चिरलेला गूळ. आपल्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या मुलाला 'किसणे' वेगळे शिकवावे लागत नाही. कीस आणि गूळ मंद आचेवर ठेवले की थोड्याच वेळात दोन्ही पातळ होऊ लागतात. इथे मुलाला थांबवून बघायला सांगावे : आपण पाणी घातलेच नाही, मग हे पाणी आले कुठून? भोपळ्याने किती पाणी धरून ठेवले होते आणि गूळ उष्णतेने कसा विरघळला, हे त्याला डोळ्यांनी दिसते. मिश्रण निवल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, थोडी तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. हे 'मावेल तेवढी' मला फार मोलाचे वाटते. त्याचा आकडा कुठेच छापलेला नसतो. तो हाताला कळतो. मुलाने वाटीवाटीने कणीक घालावी आणि मोजत राहावे. सव्वा, दीड, पाऊण हे शब्द इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या तोंडी मग आपोआप येतात. थापण्याचे काम त्याचे, तळण्याचे मात्र मोठ्यांचेच. आणि हा वर्ग फक्त नातींसाठी आहे असे कुणी समजू नये.

पुस्तक मराठीच हवे असाही माझा हट्ट नाही. एरिक कार्ल यांचे १९६९ साली निघालेले 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' आज अनेक घरांत असते. त्यातला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, असे करत शुक्रवारी पाच संत्री, आणि पानांना खरोखरीची भोके पडलेली असतात. आजीने ते सरळ मराठीत सांगावे. पाच दिवसांची फळे किती झाली? पंधरा. मग आपल्या मंडईतली पंधरा फळे कुठली, कुठल्या वाराला कुठले, ते ठरवून फळांची कोशिंबीर करावी. सीताफळ कुणी पोखरायचे यावर भांडण होईल. होऊ द्यावे, ते मराठीत झाले म्हणजे पुरे.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मुद्दाम घरी आणावीत. लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असतात, आणि त्यांच्या चित्रांतली घरे खरोखर वापरातली वाटतात. उलट 'भाज्या खा, बलवान व्हा' असे सांगण्यापुरती काढलेली पुस्तके मी तरी घेणार नाही. त्यांत गोष्ट नसते, आणि मुलाला ते पहिल्या पानावरच कळते.

यात नवे काहीच नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुलांच्या हातांना काम दिले होते. ताराबाईंनी पुढे १९४५ साली बोर्डीला तेच खेड्यातल्या मुलांपर्यंत नेले. आपल्याला तर घराबाहेरही पडायचे नाही.

राहिले लिहिणे. घारगे झाले की त्याच दिवशी मुलाच्या वहीत त्याने कृती लिहावी, शेजारी चित्र काढावे. कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे 'रुचिरा' कपाटात असेल तर वाटी-चमच्यांची मापे कशी लिहितात ते त्याला दाखवावे. वहीवर लाल पेन्सिल चालवू नये. पुढच्या खेपेला सामानाची यादी मात्र त्याच्याकडूनच लिहून घ्यावी आणि ती घेऊन आजोबांनी दुकानात जावे. यादीत 'गूल' असेल तर आजोबांनी बाकीचे सगळे आणावे आणि साळसूदपणे सांगावे, की गूल नावाचा जिन्नस काही मिळाला नाही बुवा.