तिन्हीसांजेची विमाने



मार्च २००८ पर्यंत आपल्या हैदराबादेत प्रवासी विमाने बेगमपेठला उतरत. तिन्हीसांजेला ती टिपताना, विमान जागीच गोठावे म्हणून मी १/१००० सेकंदाचा हट्ट धरी आणि चित्रे काळवंडत. पुढे उमगले, की प्रकाश मंदावल्यावर शटरचा वेग १/६० सेकंदावर आणावा, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे. कोपरे अंगाशी धरून, कमरेतून वळत, विमानाच्या गतीनेच कॅमेरा फिरवावा आणि कळ दाबल्यावरही थांबू नये. मग पार्श्वभूमी पुसट होते, विमान मात्र रेखीव उतरते. आरंभी बहुतेक चित्रे फसतात. सराव सोडू नये.

बेगमपेठची ती वर्दळ संपली. माझ्यापाशी काळी चित्रेच उरली. म्हणून तरुण मित्रांनो, समोरची सांज आजच टिपा.