सभागृहातले विमान आणि नवे हात



उत्सवातील मुलांच्या स्पर्धा म्हटल्या की चित्रकला, पाठांतर, वेशभूषा आणि संगीतखुर्ची. आम्ही काही पदविकाधारक नोकरदार मंडळींनी पुढील वर्षापासून त्यांत एक भर सुचवली आहे : सभागृहातच उडवायच्या छोट्या विमानांची स्पर्धा. कल्पना सर्वांना आवडली, पण लगेच प्रश्न आला, "आमच्या मुलाला हे जमेल का?"

धारला विमान नवे नाही. राजा भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ११ व्या शतकातील ग्रंथाचा ३१ वा अध्याय यंत्रांवर आहे. हलक्या लाकडाच्या, घट्ट सांध्यांच्या मोठ्या पक्ष्याचे वर्णन त्यात येते. तो खरोखर उडाला याला पुरावा नाही. मात्र यंत्रांची जुळणी आपण मुद्दाम सांगितली नाही, ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतो. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. मुलांच्या स्पर्धेत गुपित नको.

१८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो याने पिळलेल्या रबराच्या जोरावर छोटे विमान ११ सेकंद उडवले. आजही तत्त्व तेच. त्याला स्थिर हवा लागते, म्हणून जागतिक स्पर्धा रुमानियातील स्लॅनिकच्या मिठाच्या खाणीतही झाल्या आहेत. तेथील वरच्या गटात पंखांची लांबी ५५ सेंटिमीटरपर्यंत आणि किमान वजन अवघे १.४ ग्रॅम! एवढे नाजूक काम नवशिक्याच्या बोटांत पहिल्या स्पर्शालाच मोडते.

अमेरिकेतील हौशी मंडळींनी यावर साधा तोडगा काढला. त्यांच्या 'पेनीप्लेन' गटात विमान ३.१ ग्रॅमपेक्षा, म्हणजे जुन्या एका सेंटच्या नाण्यापेक्षा, हलके चालत नाही. किमान वजन वाढले की जाड काडी चालते, महाग लाकूड लागत नाही आणि पडलेले विमान पुन्हा उडते. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे. अशी दोन नाणी, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, ही आपली मर्यादा ठेवू. पट्टी मधोमध पेन्सिलीवर तोलली की तराजू तयार : एका टोकाला विमान, दुसऱ्याला दोन रुपये.

बाकी नियम असे सुचवतो. आराखडा सर्वांना एकच, आणि तो पंधरा दिवस आधी. रबर समाजानेच सारख्या लांबीचे कापून द्यावे. सामान बांबूची काडी, पातळ कागद आणि थर्माकोलची ताटली एवढेच. दुकानातील तयार विमानांना वेगळा गट. प्रत्येकाला पाच उड्डाणे, त्यांतील उत्तम दोन वेळांची बेरीज. बाजूला गोंद आणि काड्या ठेवून दुरुस्तीचे एक टेबल. मोठ्यांनी दाखवावे, पण विमान मुलानेच सोडावे. पंखे आणि दारे बंद. तेवढा भाद्रपदातला उकाडा आपण सोसू.

हे सारे कशासाठी? एका शहरातील अशी स्पर्धा आमच्यापैकी काहींनी पाहिली. खराट्याच्या काड्यांची विमाने आणणारी मुले पहिल्याच फेरीत बाद झाली आणि दुपारपर्यंत घरी गेली. उरली ती महागडी विमाने आणणारी चार घरे. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजीत वाढतात. चार मराठी घरची मुले एकत्र येतात ती या सभागृहात. येथून हिरमुसून गेलेले मूल पुढच्या वर्षी आरतीलाही येत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे.

म्हणून आणखी एक बक्षीस ठेवावे : पहिल्या उड्डाणापेक्षा शेवटच्या उड्डाणात सर्वांत जास्त सुधारणा करणाऱ्यास. आणि एक फेरी धारला, एक देवासला व्हावी. दोन्ही गावी पवारांची गादी होती. आता दोन्हीकडच्या मुलांची ओळख विमानांच्या निमित्ताने होऊ द्या. इंदूर ओलांडून एकमेकांकडे यायला फार वेळ लागत नाही.

ज्यांना आराखडे काढता येतात, ज्यांच्याकडे चांगले घड्याळ आहे, ज्यांना बांबू तासता येतो, त्यांनी आपली नावे आजच कार्यकारिणीकडे द्यावीत. गणपती बाप्पा मोरया!